जळालेल्या घरात हाडे किती उरतात? सॉडर मुलांच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे : १९४५ च्या नाताळात अमेरिकेतल्या सॉडर कुटुंबाचे घर पाऊण तासात जळून खाक झाले. आत असलेल्या पाच मुलांचे एकही हाड मिळाले नाही. स्मशानातसुद्धा हाडे उरतात. मग मुले त्या घरात नव्हतीच, त्यांना पळवून नेले होते, हे उघड नाही का? जळिताच्या केसेस पाहिलेल्या कोणीतरी सांगावे.

जळिताच्या केसेस मी पुष्कळ पाहिल्या. न्यायवैद्यक शिकवण्यात आणि शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभे राहण्यात माझी सत्तावीस वर्षे गेली, आणि त्यातला बराच वेळ राखेत. म्हणून लिहितो. पण आधीच सांगतो, ‘उघड आहे’ हा शब्द या प्रकरणात कुठेच बसत नाही. तुमच्या बाजूनेही नाही आणि उलट बाजूनेही नाही.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी : वेस्ट व्हर्जिनियात फेएटव्हिल नावाचे छोटे गाव. जॉर्ज सॉडर मूळचा इटलीतल्या सार्डिनिया बेटावरचा, तेराव्या वर्षी अमेरिकेत आलेला. आता कोळसा वाहणाऱ्या ट्रकचा धंदा. बायको जेनी, मुले दहा. थोरला एक लष्करात असल्यामुळे त्या रात्री घरात नऊ. २४ डिसेंबरची रात्र उलटून एक-दीडच्या सुमारास आग लागली. आईबाप आणि चार मुले बाहेर पडली. मॉरिस (१४), मार्था (१२), लुई (९), जेनी (८) आणि बेटी (५) ही वरच्या मजल्यावर झोपणारी पाच मुले पुन्हा कोणाला दिसली नाहीत. जॉर्ज खिडकी फोडून परत आत शिरला, हात फाडून घेतला. जिना पेटलेला होता. नेहमीच्या जागेवरची शिडी गायब. दोन्ही ट्रक सुरू होईनात. पिंपातले पाणी गोठून दगड झालेले. आगीचा बंब अडीच मैलांवर, पण तो पोचला सकाळी आठला.

तुम्ही जो प्रश्न विचारला त्याच्या पोटात दोन प्रश्न आहेत. एक, अशा आगीत पाच मुलांची हाडे पूर्ण नाहीशी होऊ शकतात का? दोन, ती उरली असती तर तिथे शोधणाऱ्यांना सापडली असती का? लोक पहिल्याचे उत्तर ऐकतात आणि तेच दुसऱ्याचेही धरून चालतात. सगळा घोळ तिथे आहे.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे : नाही, नाहीशी होत नाहीत. राख सावडायला गेलेल्या कोणालाही हे शिकवावे लागत नाही. सरणावर दोन-तीनशे किलो लाकूड तासन् तास जळते, तरी मडक्यात भरायला अस्थी असतातच. शहरातल्या दाहिनीत आठशे-हजार अंश सेल्सिअसला दीड-दोन तास ठेवूनही हाडांचे तुकडे बाहेर येतात. परदेशात नातेवाइकांच्या हाती जी मऊ ‘राख’ देतात, ती हाडे यंत्रात दळून केलेली असते. जेनी सॉडरला हेच एका दाहिनीच्या कर्मचाऱ्याने सांगितले होते : अकराशे अंशांच्या आसपास दोन तास जाळले तरी हाडे राहतात. त्यावर ती बाई स्वतः प्रयोग करत बसली. कोंबडीची हाडे, गायीच्या सांध्याची, डुकराची. चुलीत घालायची आणि काय उरते ते बघायची. दर वेळी काळीठिक्कर हाडे उरायची. चुलीतले उघडे हाड आणि ढिगाऱ्याखालचे शरीर यांत फरक आहे, हे खरे. तरी या सगळ्या प्रकरणात प्रामाणिकपणे केलेला तपास कोणता असे मला विचाराल, तर मी त्या आईच्या चुलीकडे बोट दाखवीन. त्याच सुमारास दुसरीकडे एका घराच्या आगीत सात जणांचे कुटुंब गेले आणि सातही जणांचे सांगाडे मिळाले, ही बातमीही तिने वाचली होती.

म्हणजे फायर चीफ एफ. जे. मॉरिस जे म्हणाला, की आग इतकी प्रखर होती की मुले पूर्ण भस्म झाली, ते चूक होते. इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे.

आता दुसरा प्रश्न. सावडताना आपल्याला अस्थी मिळतात, कारण डोके कुठे होते, पाय कुठे होते हे ठाऊक असते, वर छप्पर कोसळलेले नसते, आणि सावडणारा नेमके तेच शोधायला आलेला असतो. सॉडरांच्या घरात काय झाले? लाकडी सांगाड्याचे दुमजली घर. ‘पाऊण तास’ हा आकडा सगळे घोकतात, पण तो घर कोसळायला लागलेला वेळ आहे. आग तिथे संपत नाही. छप्पर, वरचा मजला, खालचा मजला हे सगळे तळघरात जाऊन पडले आणि बंब येईपर्यंत पाच-सहा तास निखाऱ्यासारखे धुमसत राहिले. मुले वर असतील, तर ती त्या ढिगाऱ्याच्या पोटात होती. अशा ठिकाणी हाड आधी तपकिरी होते, मग काळे, मग राखाडी-निळसर, आणि शेवटी खडूसारखे पांढरे. पांढरे झालेले हाड आकसते, त्याला आडव्या भेगा पडतात आणि ते बोटांनी चुरगळते. त्याच्यावर गार पाण्याचा फवारा मारला की तडकते. बुटाखाली आले की संपले.

एक अनुभव सांगतो. पोटमाळा असलेल्या एका दुकानाची आग. पहिल्या दिवशी जवानांनी ढिगारा उपसला आणि ‘एकच बॉडी’ असे लिहिले गेले. दुकानातला पोरगाही माळ्यावर झोपायचा, हे दुसऱ्या दिवशी कळले. आम्ही सुतळीने चौकोन आखून, गुडघ्यांवर बसून, बांधकामाच्या चाळणीने राख चाळली. दहा बाय बाराच्या जागेला दोन दिवस लागले. पोरगा तिथेच होता : मणक्यांचे तुकडे, मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, कानामागचे टणक हाड, चार दातांची मुळे. त्यातला एक तुकडा मी स्वतः आदल्या दिवशी हातात घेऊन ‘प्लास्टर’ म्हणून टाकला होता. मला त्या वेळी शिकवायला लागून दहा वर्षे झालेली होती.

मुलांच्या बाबतीत हे आणखी अवघड. वाढत्या वयात हाडांची टोके मधल्या दांड्याला जुळलेली नसतात, जळाल्यावर ती सुटी होतात. प्रौढ माणसाचे एक हाड म्हणजे मुलाचे तीन तुकडे, आणि त्यातले दोन खड्यांसारखे दिसणारे. कवटी पातळ. पाच वर्षांच्या बेटीचे काय उरले असते ते अनोळखी नजरेला दिसले नसते. चौदा वर्षांच्या मॉरिसचे मात्र दिसायला हवे होते. त्याची मांडीची हाडे चांगली लांब असणार.

हे सगळे परिस्थितीवर अवलंबून आहे, हे कबूल करायला हवे. तळघरात काय साठवले होते, वारा कुठून होता, मुले कोणत्या तुळईखाली पडली, पलंगाची गादी कशी होती : यातल्या एकेका गोष्टीने चित्र बदलते. एकाच खोलीत दोन माणसे जळाली, आणि एकाचे पोट शाबूत, दुसऱ्याचे मणके पांढरेफटक, हे मी पाहिले आहे. तळघरातली घरगुती उपकरणे ओळखू येत होती, या मुद्द्यावर लोक फार भर देतात. लोखंड वितळायला पंधराशे अंशांच्या वर लागतात. उपकरणाचा सांगाडा ओळखू आला यावरून हाडाचे काय झाले ते कळत नाही. मी तिथे असतो तर ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या तारा पाहिल्या असत्या. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, तांबे १०८५ ला. भांडी पाघळलेली आणि तारा तशाच, एवढे जरी दिसले तरी त्या कोपऱ्यात हाड काळे मिळेल की पांढरे याचा अंदाज बांधता येतो.

आणि शोध कोणी घेतला? नाताळची सकाळ, महायुद्धामुळे माणसांचा तुटवडा, स्वतः बंब चालवता न येणारा चीफ. त्यांनी सुमारे दोन तास गरम ढिगारा उलथापालथा केला आणि दहाच्या सुमारास सांगितले, काही नाही. दोन तासांत पाच माणसांसाठी एक अख्खे घर! मी माझ्या विद्यार्थ्यांना तेवढ्या वेळात जेमतेम सुतळी बांधून होईल असे सांगतो. त्यामुळे त्या सकाळच्या ‘सापडले नाही’ला मी पुरावा म्हणून जवळजवळ शून्य किंमत देतो. ते मुले मेल्याचेही सांगत नाही आणि जगल्याचेही.

इथे घोळ थांबला असता, पण चारच दिवसांनी जॉर्जने बुलडोझर फिरवून त्या जागेवर पाच फूट माती टाकली. जागा तशीच ठेवा, असे त्याला सांगितले होते. त्याला तिथे मुलांच्या स्मरणार्थ बाग करायची होती. बापाला ते दृश्य बघवेना, हे मला समजते. पण त्या मातीने पुढच्या प्रत्येक तपासाचा गळा घोटला. ३० डिसेंबरला मृत्यूचे दाखलेही निघाले. आपल्याकडे मृतदेह नसेल तर साधारणपणे सात वर्षे थांबावे लागते. तिथे आठवडाही लागला नाही.

ऑगस्ट १९४९ मध्ये वॉशिंग्टनचे पॅथॉलॉजिस्ट ऑस्कर हंटर यांच्या देखरेखीखाली ती जागा परत खणली गेली. मिळाले काय? काही नाणी, एक अर्धवट जळालेला शब्दकोश आणि मणक्यांचे तुकडे. मणके वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संशोधन संस्थेकडे गेले. तिथले तज्ज्ञ मार्शल न्यूमन यांचा अहवाल मला फार आवडतो, कारण त्यात एकही शब्द जास्तीचा नाही. मणके चार, कमरेचे, एकाच व्यक्तीचे. वाढीच्या खुणांवरून वय सोळा-सतरा. फार तर बावीस. साडेचौदा वर्षांच्या मुलाचे असणे शक्य, पण संभाव्य नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचे : त्यांना आग लागल्याची काहीही खूण नाही. जे हाड निखाऱ्यांच्या ढिगात सहा तास होते ते कोरे राहत नाही. तेव्हा ते मणके त्या आगीत नव्हतेच, बहुधा भरावाच्या मातीबरोबर आले, असाच निष्कर्ष त्यांनी काढला. कुटुंबाने नेमलेला खाजगी गुप्तहेर सी. सी. टिन्सली याच्या म्हणण्यानुसार ते जवळच्या माउंट होप इथल्या दफनभूमीतले होते.

पण न्यूमन यांनी आणखी एक वाक्य लिहिले, आणि तुमच्या बाजूचा खरा आधार तो आहे. घर थोडाच वेळ जळले असे सांगतात, तर चार मणक्यांऐवजी मुलांचे पूर्ण सांगाडे मिळायला हवे होते, असा त्याचा आशय. माझे त्यावर दोन आक्षेप आहेत. एक तर जळण्याचा वेळ त्यांना सांगितला गेला तो कोसळण्याचा होता. दुसरे, उत्खनन काळजीपूर्वक केले असे ‘सांगितले जाते’, असा शब्द खुद्द त्यांनीच वापरला आहे. त्यांनी ते पाहिले नव्हते. तरीही अर्धवट जळालेला शब्दकोश मला टोचतो. कागद जिथे टिकला तिथे हाड टिकते. त्या ढिगाऱ्यात कमी तापलेले कोपरे होते, मग पाच मुलांपैकी एकाचाही एखादा दात, एखादा गोळा अशा कोपऱ्यात का आला नाही? याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही.

इथवरचे एकत्र सांगायचे तर : हाडे नाहीशी होत नाहीत, हे खरे. १९४५ चा शोध निरुपयोगी होता, हेही खरे. आणि १९४९ चे उत्खनन मुले तिथे नसण्याकडे थोडेसे झुकते, पण भरवसा ठेवावा इतके चांगले ते झाले होते का हे त्या अहवालावरून ठरत नाही.

बाकीच्या ‘संशयास्पद’ गोष्टींबद्दल भराभर लिहितो. साडेबाराला आलेला फोन, अनोळखी बाई, हसण्याचा आणि ग्लासांचा आवाज : ती बाई नंतर पोलिसांना सापडली, नंबर चुकला होता. तोडलेली टेलिफोनची तार : त्या रात्री तिथून सामान चोरणाऱ्या एका माणसाने तार आपण कापली असे कबूल केले, विजेची समजून. विजेची तरी का कापायची होती, हे त्याला कोणी विचारले की नाही देव जाणे. शिडी दूर बांधाखाली मिळाली. ट्रक सुरू झाले नाहीत. थंडीत, घाबरलेल्या हातांनी, हे नवल नाही. मुलांच्या किंकाळ्या कोणी ऐकल्या नाहीत, हा मुद्दा तर बाजूलाच ठेवा. आगीत झोपेत मरणारी माणसे बहुतेक धुराने मरतात. कार्बन मोनॉक्साइड गुपचूप काम करतो. मी तपासलेल्या अशा कितीतरी मुलांच्या श्वासनलिकेत काजळी होती आणि अंथरूण विस्कटलेलेसुद्धा नव्हते.

नाताळचे दिवे आग लागल्यावरही चालू होते, म्हणून शॉर्ट सर्किट नव्हे, हा युक्तिवाद मात्र जरा थांबून बघण्यासारखा आहे. वायरिंगमधला सैल जोड तापतो तेव्हा फ्यूज उडतोच असे नाही. प्रवाह ठरलेल्या मर्यादेतच असतो, उष्णता फक्त त्या जोडापाशी साठत जाते. दुसऱ्या फ्यूजवरचे दिवे तोवर सुखाने जळत राहतात. जेनीने पहिल्यांदा पाहिली ती आग जॉर्जच्या ऑफिसच्या खोलीत, फ्यूजच्या पेटीजवळ होती. त्याआधी छपरावर काहीतरी आदळून गडगडल्याचा आवाज तिने ऐकला होता, आणि पुढे अंगणात रबरासारखी एक हिरवी वस्तू मिळाली. जॉर्जच्या मते तो बॉम्ब. छपरावर पेट घेतला असता तर आग वरून खाली यायला हवी. अशक्य नाही, पण मी त्यावर पैज लावणार नाही. ऑक्टोबरमध्ये एका विमा एजंटाने मुसोलिनीवरच्या टीकेवरून जॉर्जला धमकावले होते, घर जाईल आणि मुलेही, हे खरे. त्याची चौकशी नीट व्हायला हवी होती. धमकी आग लावण्याचे कारण दाखवते. मुले आधीच बाहेर काढली होती, हे तिच्यातून निघत नाही.

माझ्या दृष्टीने सगळ्यांत वजनदार गोष्ट कोणी फारशी बोलत नाही. मोठा मुलगा जॉन, तेव्हा तेवीसचा, पहिल्या जबाबात म्हणाला की आपण वर जाऊन भावंडांना जागे केले. नंतर म्हणाला, वर गेलो नाही, खालूनच हाक मारली. मुलांना त्या रात्री अंथरुणात पाहिले का, याचे एकमेव प्रत्यक्ष उत्तर या दोन जबाबांच्या मध्ये कुठेतरी आहे. आगीतून सुटलेल्या माणसाचे जबाब बदलताना मी नेहमी पाहतो. ‘मी त्यांना उठवले आणि तरी ती राहिली’ हे आयुष्यभर घेऊन जगणे कठीण. ‘हाक मारली, ऐकू गेली नसेल’ हे थोडे सोपे. किंवा उलटही, पहिल्या घाईत माणूस आपण जे करायला हवे होते ते केले म्हणून सांगतो. कोणता जबाब खरा, हे मी सांगू शकत नाही. पहिला खरा असेल तर तुमचा प्रश्न संपला : मुले घरात होती.

आता मला काय वाटते ते. मुले आगीत गेली असावीत, याकडे मी झुकतो. पळवण्याच्या कल्पनेला एक मोठी अडचण आहे : पाच ते चौदा वयाची पाच मुले, सोफ्यावर झोपलेल्या थोरल्या बहिणीच्या आणि नुकत्याच उठून दिवे मालवून गेलेल्या आईच्या घरातून गाजावाजा न होता न्यायची. आणि मग चौदाचा मॉरिस, बाराची मार्था मोठी होणार, आणि रस्त्यावर आपल्याच फोटोंचा फलक चाळीसेक वर्षे उभा असताना एक ओळही घरी लिहिणार नाहीत. मला ते पटत नाही. पण कोर्टात शपथेवर विचारले असते, तर ‘मृत्यू सिद्ध’ असे मी लिहिले नसते. फायर चीफ मॉरिसने राखेत सापडले म्हणून एका पेटीत पुरलेले ‘हृदय’ गायीचे ताजे यकृत निघाले, हे कळल्यावर तर त्याच्या शब्दावर काहीही लिहिले नसते. कुटुंबाचे समाधान व्हावे म्हणून त्याने ते पुरले, असे म्हणतात.

शेवटी त्या फोटोबद्दल, कारण तुम्ही नाही विचारले तरी दुसरे कोणी विचारेलच. आगीनंतर वीसेक वर्षांनी जेनीला केंटकीतल्या सेंट्रल सिटीचा शिक्का असलेले पाकीट आले. आत तिशीतल्या तरुणाचा फोटो, मागे ‘लुई सॉडर’ आणि काही न उलगडणारे शब्द-आकडे. नऊ वर्षांच्या पोराशी तिशीतल्या चेहऱ्याची तुलना करून मी कधीच मत देत नाही. भुवया आणि नाक सारखे आहे, असे आईबापांना वाटले. फोटो मोठा करून त्यांनी भिंतीवर लावला.

आज काही करता येण्यासारखे असेल तर ते फोटोत नाही, त्या चार मणक्यांत आहे. जळालेल्या हाडातून डीएनए मिळणे कठीण, पण ते जळालेले नव्हते. आईकडून मुलांना येणारा डीएनए काढून त्या कुटुंबातल्या मुलींच्या वंशाशी ताडून पाहिला, तर ते मॉरिसचे आहेत की परक्याचे, हे काही आठवड्यांत कळेल. अडचण एवढीच की सप्टेंबर १९४९ मध्ये स्मिथसोनियनने ते जॉर्जला परत पाठवले, आणि त्यानंतर ते कुठे गेले याची नोंद नाही.